मागची राखण

जून २०१८. रशियात फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला आणि नालासोपारा पूर्वेला आचोळ्यातल्या पोरांनी जुन्या टी-शर्टांच्या पाठीवर मार्करने १० आकडा काढून घेतला. फ्रान्सचा किलियन एम्बापे तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याने अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोल मारले, त्या रात्रीनंतर आचोळ्यात बॅक खेळायला कुणी शोधून सापडेना. सगळ्यांनाच पुढे जायचं होतं. सगळी पोरं चेंडूमागे पळायची आणि मागे गोल म्हणून ठेवलेल्या दोन विटा तेवढ्या उरायच्या.

ही गोष्ट त्यातल्याच एका चौदा वर्षांच्या पोराची. घर आचोळ्यातलंच, जुनं, आगरी. भोवतीची शेतं गेली, त्या जागी इमारती उठल्या. २००९मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०१४मध्ये ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. पण ते कौलारू घर आणि ओट्यावर बसणारा आजा, दोघंही जागचे हलले नाहीत. पोरगा पायाने सुसाट. धावण्यात त्याच्या वयाचं कुणी त्याला गाठत नसे. त्यामुळे आपण सेंटर फॉरवर्ड होणार हे त्याने मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं.

पोरांना शिकवायला वसई पश्चिमेच्या एका ख्रिस्ती वाडीतून एक सर येत. रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळलेले. शिकवायचे पैसे घेत नसत. फक्त वेळेवर यायचं आणि शिवी द्यायची नाही, एवढ्या दोनच अटी. विश्वचषक रंगात आला असताना त्यांनी एका संध्याकाळी संघ पाडला आणि पोराला सांगितलं, "तू मागे. राइट बॅक."

पोराचा चेहरा पडला. "सर, पण सगळ्यात फास्ट मी आहे."

"म्हणूनच," सर म्हणाले आणि पुढच्या पोराकडे वळले.

घरी येऊन त्याने बूट कोपऱ्यात भिरकावले आणि दोन दिवस मैदानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी गेला तो मित्र बोलवायला आले म्हणून. मागे उभा राहिला, पण तोंड फुगवून. चेंडू आपल्या बाजूला आला तरच पाय हलवायचा, नाहीतर कमरेवर हात ठेवून पुढची मजा बघत राहायचं, असा त्याचा खेळ सुरू झाला.

जुलैच्या ९ आणि १० तारखांना पाऊस असा काही कोसळला की नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या. आचोळ्यात रस्ता कुठे आणि गटार कुठे ते कळेना. १० तारखेच्या रात्री फ्रान्स आणि बेल्जियमची उपांत्य लढत होती आणि घरात वीज नव्हती. पोरगा मेणबत्तीसमोर हिरमुसून बसला होता. बाहेर पायरीला पाणी लागलं होतं. आजा दारात पाट टाकून त्या पाण्यावर नजर ठेवून होता.

"आजा, झोप ना. तू बघून पाणी काय कमी होणार आहे?"

"सवय हाय रं," आजा म्हणाला.

आजाचं तरुणपण नायगावकडच्या मिठागरात गेलं होतं. त्या रात्री त्याने पोराला जे सांगितलं, ते तो आधीही कधीतरी बोलला असेल, पण पोराने कान देऊन ऐकलं ते तेव्हाच. मिठागरात भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, मोठ्या कोंडीत साठवायचं, मग उन्हाने आटवत आटवत लहान कोंडीत आणायचं. मीठ पिकलं की लोकांना दिसतं ते पांढरं मीठ. त्याचे ढीग, त्याच्या गोण्या, त्याचा भाव. पण ते सगळं उभं असतं मातीच्या बांधावर. आणि बांधाचा वैरी समुद्र नसतो, खेकडा असतो. खेकडा बांधात बीळ करतो. संध्याकाळी बोट जाईल एवढं भोक असतं, उधाणाचं पाणी त्यातून वाहायला लागलं की मध्यरात्रीपर्यंत माणूस जाईल एवढी खिंड पडते आणि महिनाभराचं मीठ पाण्यात जातं. म्हणून उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर चालायचं. भोक डोळ्यांना दिसत नाही. आधी कानाला कळतं, बारीक झुळझुळ लागते. मग पायाला कळतं, तळव्याखालची माती थंड आणि ढिली लागते. तिथेच थांबायचं, टाचेने माती दाबायची, वर गवताचा बोळा आणि चिखल घालून पुन्हा तुडवायचं, आणि पुढे चालायचं.

"मग सकाळी मालक काय म्हणायचा?" पोराने विचारलं.

"काय म्हनंल? बांध फुटला नाय तर त्याला कसा कळंल कुठं बीळ व्हतं ते?"

पोरगा काही बोलला नाही. पण त्या रात्री तोही उशिरापर्यंत दारातच बसला.

पाणी ओसरल्यावर सर आले तेव्हा त्यांनी आधी सगळ्यांची घरं ठीक आहेत ना ते विचारलं आणि मग सामना सांगितला. फ्रान्स १-० जिंकला. गोल एम्बापेचा नव्हता. कॉर्नरवर हेडरने तो मारला होता सॅम्युएल उमतितीने, आणि उमतिती हा बचावपटू. पोराचे डोळे चमकले. सरांनी ते बरोबर ओळखलं.

"तुला वाटतंय, बॅकलाही गोल मारता येतो. येतो की. पण तो गोल झाला एका क्षणात. उरलेल्या वेळात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी बेल्जियमला एकही गोल करू दिला नाही. अंतिम फेरी त्या अडवण्याने गाठून दिली."

मग त्यांनी पोराला एक शंभर पानी वही दिली. कुठलाही सामना बघताना त्यातला एक बॅक निवडायचा. चेंडूकडे बघायचं नाही, त्याच्याकडेच बघायचं. त्याच्यामुळे जे घडायचं राहिलं, त्याची एक रेघ ओढायची.

पहिल्या दिवशी वहीचं पान कोरं राहिलं. न घडलेली गोष्ट बघायची कशी? चेंडू मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असताना अलीकडचा बॅक दोन पावलं डावीकडे सरकतो, यात लिहिण्यासारखं काय आहे? आणि सवयीने नजर पुन्हा पुन्हा चेंडूकडेच धावायची. पण पोरगा हट्टी होता. आठवडाभराने त्याला पहिली रेघ सापडली. समोरच्या संघातल्या एकाने पास द्यायला मान वर केली, मोकळ्या जागेकडे बघितलं, तिथे बॅक आधीच येऊन उभा होता. त्याने मान खाली घातली आणि चेंडू मागे देऊन टाकला. बघणाऱ्यांपैकी कुणालाच काही घडल्यासारखं वाटलं नाही. पोराने रेघ ओढली. त्याच सामन्यात त्याला अशा आणखी काही रेघा सापडल्या. मग त्याला कळलं की चांगला बॅक टॅकल फार कमी वेळा करतो. टॅकल करायची वेळ आली याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो की आधीचं एखादं पाऊल चुकलंय.

माझ्या मते त्या मुलाचा खरा खेळ तिथे सुरू झाला. पाय तर त्याला जन्मापासून होते.

पण समजणं आणि जमणं यात अंतर असतं, आणि आजूबाजूचं जग तर वेगळंच शिकवत होतं. ४ ऑक्टोबर २०१८ला विरारच्या पृथ्वी शॉने राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं. १३४ धावा. विरार म्हणजे आचोळ्याच्या पोरांना घरचंच गाव, नालासोपाऱ्याचं पुढचं स्टेशन. याच शॉने २०१३मध्ये शाळेच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत एका डावात ५४६ धावा केल्या होत्या, हे तर पाळण्यातल्या पोरालाही पाठ. सगळ्या गल्ल्यांत बॅटी निघाल्या. पोरगा अभिमानाने मित्रांसोबत नाचला, पण रात्री त्याच्या मनात आलंच: शॉच्या नावापुढे आकडा आहे. माझ्या नावापुढे काय लिहिणार?

डिसेंबरात एका स्पर्धेत तो आकडा मिळवायची हुक्की त्याला आली. संघ १-० पुढे होता, शेवटची मिनिटं होती. चेंडू पायात आला आणि समोर रान मोकळं दिसलं. सर ओरडत होते, पण तो पळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, तिसऱ्याने चेंडू काढून घेतला आणि एकच लांब फटका मारला, बरोबर त्याने सोडलेल्या जागेत. बरोबरी झाली. पेनल्टी शूटआउटमध्ये संघ हरला. सर रागावले नाहीत. मित्रही काही बोलले नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. घरी आल्यावर त्याने सगळं आजाला सांगितलं. आजाने एवढंच विचारलं, "बीळ तुझ्याच बाजूला पडला ना? मग पाय तिथंच लाव."

त्या आठवड्यात सरांनी त्याला मोबाइलवर एक अजब खेळ दाखवला. सरांची बहीण मेलबर्नला असते, तिने पाठवलेला. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला १८ खेळाडू, आणि प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने मारला की सहा गुण. उंच उडालेला चेंडू झेलायला आघाडीपटू झेपावतो आणि मागून बचावपटू उडी मारून मुठीने तो चेंडू दूर उडवून देतो. झेल हुकला, हल्ला संपला. सरांनी पोराला सांगितलं की तिथे या मुठीच्या फटक्याची नोंद ठेवतात. फटक्यासमोर अंग टाकून चेंडू अडवला, साथीदारासाठी वाट मोकळी करून दिली, अशा सगळ्या कामांची बेरीज खेळाडूच्या नावापुढे लागते. बचाव खेळणाऱ्या एखाद्याचा हंगाम गाजला म्हणतात तेव्हा लोक ही बेरीजही बघतात. पोराने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. इतक्या लांबच्या देशात कुणीतरी आपल्यासारखीच वही ठेवतं, याचा त्याला फार आधार वाटला.

आणि मग सरांनी त्याला राहुल भेकेचं नाव सांगितलं.

इथे मला जरा थांबायचंय, कारण हे नाव मराठी घरांत जेवढं माहीत असायला हवं तेवढं नाही. राहुल भेके मुंबईचा, जन्म डिसेंबर १९९०चा. बचावपटू. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळा ब्लास्टर्स, एफसी पुणे सिटी अशा संघांतून खेळत खेळत २०१७मध्ये तो बंगळुरू एफसीत आला. लांब थ्रो-इन टाकणारा, उजव्या बाजूलाही खेळणारा आणि मध्येही. प्रशिक्षकाला असा खेळाडू लागतोच, पण पोस्टरवर तो नसतो. पंचविशी उलटली तरी भारताच्या संघात त्याला एक सामना मिळाला नव्हता. फुटबॉलमध्ये या वयाला पोरं नाद सोडतात, नोकरी धरतात. तो खेळत राहिला.

१७ मार्च २०१८ला बंगळुरू संघ इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून ३-२ असा हरला होता. चेन्नईयिनचे पहिले दोन गोल मारले मैल्सन आल्वेसने, दोन्ही कॉर्नरवर, दोन्ही डोक्याने. आणि मैल्सन हाही बचावपटूच. पुढचं वर्षभर बंगळुरूच्या बचावफळीने ती सल उरात ठेवली असणार. २०१८-१९च्या हंगामात संघ पुन्हा अंतिम फेरीत आला. तारीख पुन्हा १७ मार्च. या वेळी सामना होता मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, आणि समोर एफसी गोवा, त्या मोसमात लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा संघ. त्यांच्या फेरान कोरोमिनासने, कोरोने, एकट्याने १६ गोल केले होते.

सरांनी स्वतःच्या पैशाने दोन तिकिटं काढली. रविवार होता. नालासोपाऱ्याहून चर्चगेट लोकल धरून दोघं दुपारीच निघाले. पोराच्या पाठपिशवीत आईने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, पाण्याची बाटली आणि ती वही.

"आज कुणाला बघायचं ते ठरलंय ना?" सरांनी विचारलं.

पोराने मान डोलावली.

दिव्यांच्या उजेडातलं ते हिरवं मैदान बघून तो पहिली काही मिनिटं सगळंच विसरला. मग त्याने वही उघडली. ९० मिनिटांत गोल झाला नाही. आजूबाजूची माणसं कंटाळून मोबाइल काढायला लागली, आणि पोराची पेन्सिल थांबत नव्हती. गोव्याचे खेळाडू पुढे यायचे आणि वाट न सापडून वळायचे. कोरोकडे चेंडू जायचा, पण गोल होईल अशा जागी तो त्याच्या पायात पडत नव्हता. जादा वेळ सुरू झाला. पहिला भाग संपता संपता गोव्याचा अहमद जाहू दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला. सामना पेनल्टीकडे सरकत होता. शेवटची थोडीच मिनिटं उरली असताना बंगळुरूला कॉर्नर मिळाला.

सगळं स्टेडियम कॉर्नर मारणाऱ्या दिमास डेल्गाडोकडे बघत होतं. पोरगा सवयीने भेकेकडे बघत होता. त्यामुळे चेंडू हवेत उठायच्या आधी तो कुठे उभा होता आणि तिथून कुठे आला, हे त्या स्टँडमध्ये बहुधा त्यालाच नीट दिसलं. डोकं लागलं, जाळी हलली. १-०. बंगळुरूचं पहिलं आयएसएल विजेतेपद, मुंबईच्या मुलाच्या हेडरने, मुंबईतच. आदल्या वर्षी ज्या कॉर्नरने आणि ज्या हेडरने संघाचं वाटोळं केलं, त्यानेच या वर्षी चषक मिळवून दिला.

परतीची विरार लोकल रात्रीची, तरी भरलेलीच. दोघं दाराजवळ उभे राहिले. पोरगा नुसता बोलत होता. गोल असा, उडी अशी, सगळे कसे त्याच्या अंगावर पडले. भाईंदरची खाडी आली तेव्हा सरांनी विचारलं, "वहीत काय आहे?"

पोराने वही उघडून दिव्याखाली धरली. दोन पानं रेघांनी भरली होती. आणि शेवटी त्याने लिहिलं होतं, 'गोवा ०.'

"हेडर नाही लिहिलास?"

पोराने जरा विचार केला. "ते सगळे लिहितील, सर."

सरांनी वही मिटून त्याच्या हातात दिली. नायगाव येईपर्यंत ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात पोराच्या खांद्यावरून निघाला नाही.

त्या एका हंगामाने भेकेसाठी भारतीय संघाचं दार उघडलं. ५ जून २०१९ला थायलंडमध्ये किंग्ज कपच्या सामन्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने देशाचा शर्ट पहिल्यांदा अंगावर घातला. त्याच दिवशी इगोर स्टिमाच यांचाही भारताचे प्रशिक्षक म्हणून पहिला सामना. आणि कुरासावने भारताला ३-१ हरवलं. मोबाइलवर तो सामना बघणाऱ्या पोराला वाटलं, संपलं आता. एवढ्या वर्षांनी संधी आली आणि पहिल्याच दिवशी तीन गोल. आता याला कोण पुन्हा घेणार?

त्याला पुन्हा घेतलं. १० सप्टेंबर २०१९, दोहा, विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना. समोर कतार, त्याच वर्षी आशियाई चषक जिंकलेला, आणि सामनाही त्यांच्याच घरच्या मैदानावर. भारताचा कर्णधार सुनील छेत्री आजारी, संघात नाही. लोकांनी पराभव किती गोलांनी होणार एवढंच धरलं होतं. बचावफळीत उजवीकडे भेके, मध्ये संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान, डावीकडे गोव्याचाच मंदार राव देसाई. आदिलची गोष्टही भेकेसारखीच. २०१२नंतर भारतीय संघाबाहेर गेलेला हा मधल्या फळीचा खेळाडू सात वर्षांनी बचावपटू होऊन परत आला होता. आणि या चौघांच्या मागे गोलात गुरप्रीतसिंग संधू.

गणपतीचे दिवस होते. आचोळ्यातल्या त्या घरात पाहुणे जेवून निघाले होते, शेजारच्या आळीतून भजनाचा आवाज येत होता. पोराने टीव्हीचा आवाज बारीक करून सामना लावला आणि आजा येऊन शेजारी बसला. कतारने हल्ल्यामागून हल्ले केले. पल्ला दिसेल तिथून फटके मारले. गुरप्रीत कधी डावीकडे झेपावला, कधी उजवीकडे. चौघं मागे सरकायचे, पुन्हा रांगेत यायचे, कुणी अंग टाकायचं, कुणी चेंडू डोक्याने बाहेर घालवायचा, आणि पुन्हा रांग. आजाला नियम माहीत नव्हते. पण थोड्या वेळाने तो पुढे वाकून बसला. चेंडू भारताच्या गोलजवळ आला की त्याच्या उजव्या पायाची टाच जमिनीवर दाबली जायची. पोराने ते बघितलं.

सामना संपला. गुरप्रीत आणि बाकीचे एकमेकांना मिठ्या मारत होते.

"किती झाला?" आजाने विचारलं.

"शून्य-शून्य."

"म्हंजी कोन जिंकला नाय?"

"नाही. बरोबरी."

आजा पडद्याकडे बघत राहिला. घामाने निथळलेले ते खेळाडू, एकमेकांच्या पाठीवर थापा. "पन बांध ऱ्हायला," तो म्हणाला आणि उठून गणपतीसमोरच्या समईत तेल घालायला गेला.

पोराचा स्वतःचा हंगाम सुरू झाला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. सगळे सामने सांगत बसत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात फारसं नाही, आणि हीच त्या हंगामाची थोरवी. त्याच्या बाजूने गोल होणं जवळपास थांबलं. पूर्वी चेंडू गेला की तो मागे धावायचा. आता चेंडू जायच्या आधी तो तिथे असायचा. पाय तेच, वेग तोच, फक्त तो खर्च कधी करायचा हे कळलं होतं. डाव्या बाजूचा बॅक कच्चा होता, त्याला तो सामनाभर बोलून जागा दाखवायचा. "मागे ये. आता थांब. आता सोड." गोलकीपरने चूक केली तर पहिला हात त्याच्या पाठीवर याचाच पडायचा. घसा बसायचा, गुडघे सोलायचे. एकदाही मधली रेषा ओलांडायची नाही असं मात्र नव्हतं. वाट खरंच मोकळी असेल आणि मागची जागा कुणीतरी भरली असेल, तर तो वाऱ्यासारखा पुढे जायचा. पण आधी वळून बघायचा.

मोसमाच्या शेवटी बक्षीस समारंभ झाला. मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर. सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याला चषक मिळाला, उत्कृष्ट गोलरक्षकाला मिळाला, शिस्तबद्ध संघालाही मिळाला. बचावपटूसाठी बक्षीसच ठेवलेलं नव्हतं. पोरगा मित्रांसाठी टाळ्या वाजवून बाहेर आला. पाण्याच्या पिंपाजवळ दुसऱ्या संघातली दोन पोरं उभी होती, त्यातलाच एक तो चषक मिळवलेला फॉरवर्ड. हा मागे उभा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. फॉरवर्ड आपल्या मित्राला सांगत होता, "पुढच्या वर्षी यांच्याशी मॅच पडली ना, तर मी डावीकडून नाही जाणार. तिथे तो असतो. तिकडून काही होत नाही."

पोराने घरी जाऊन वही काढली आणि त्यात एक रेघ ओढली. दुसऱ्याच्या नावाने रेघा ओढत आलेल्या त्या वहीत स्वतःच्या नावाची ती पहिली रेघ.

भेके पुढेही खेळत राहिला. मुंबई सिटी एफसीत आला. ११ एप्रिल २०२२ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्या हेडरने मुंबई सिटी २-१ जिंकली, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबई सिटीने आयएसएल चषक उचलला, तेव्हा कर्णधार भेकेच होता. वय तेहतीस होतं. वर्तमानपत्रांत त्याचे गोल छापून आले, ते योग्यच झालं. पण दोन गोलांच्या मधली जी वर्षं आहेत ती मागे उभं राहून काढलेली आहेत, आणि ती बघायला स्टेडियममध्ये बसून चेंडूवरची नजर काढावी लागते.

वाचकहो, तुमच्या गावात, वाडीत, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत कुठे ना कुठे संध्याकाळी पोरं खेळत असतील. एकदा जा. दहा मिनिटं चेंडू सोडून मागच्या पोरांकडे बघा. आणि खेळ संपला की त्यातल्या एकाला जवळ बोलावून, त्याने नेमकं काय अडवलं ते त्याला सांगा. नुसतं 'छान खेळलास' म्हणू नका. ते पाऊल, ती जागा, तो क्षण सांगा. गोल मारणाऱ्याला हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मागच्याला तुम्हीच सांगायला हवं.